प्रतिसाद: फॉस्फरसची मर्यादा खाडीलाही हवी

वर एकांनी लिहिलंय की सांडपाण्यातल्या फॉस्फरसमुळे ठाणे खाडीत शेवाळ वाढलं तर फ्लेमिंगोंचीच चंगळ, मग त्या फॉस्फरसवर बंधन कशाला? मला हे अजिबात पटत नाही. शेवाळ मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि त्याची झळ मासे, खेकडे, पर्यायाने आपल्या कोळी बांधवांना बसते.

नियमांत इथेच फट आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याबाबत केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) आहे, फॉस्फरस नाही. हरित लवादाने २०१९ मध्ये लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, पण ती तलाव-सरोवरांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी. म्हणजे मासुंदा, उपवन या तलावांना संरक्षण आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेली खाडी मोकळी!

शिवाय फॉस्फरस नायट्रोजनसारखा हवेत उडून जात नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात तो बाहेर निघतो फक्त गाळाबरोबर. गाळातले जिवाणू तो पोटात साठवतात. गाळ वेळेवर उपसला नाही, टाकीत हवेविना पडून राहिला, की तोच फॉस्फरस परत पाण्यात. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या प्रकल्पात नेमकं हेच व्हायचं. वरचं पाणी नितळ दिसायचं म्हणून सगळे खूश, गाळाचा टँकर मात्र खर्च नको म्हणून महिनोन्‌महिने लांबणीवर. मी कमिटीत हट्टाने गाळ उपसण्याची नोंदवही सुरू करायला लावली.

फेरिक क्लोराईड किंवा तुरटी घालूनही फॉस्फरस खाली बसवता येतो, पण त्याने गाळ आणखी वाढतो. तेव्हा पालिकेकडे मागणी करताना फॉस्फरसच्या आकड्यासोबत गाळाचा हिशोबही मागा.