आधी एक माणूस, एक वार, दोन तास

‘प्रार्थना नेमाने होते, तरी जगणं पोकळ वाटतं. सेवा करायची आहे, पण सुरुवात कुठून?’ या प्रश्नाला हे उत्तर.

मोठं काम शोधत बसू नका. अंथरुणाला खिळलेला ओळखीतला एक माणूस निवडा. आठवड्यातला एकच वार, दोन तास, निदान तीन महिने. ‘रोज येतो’ म्हणणारे लवकर गळतात, आणि वाट पाहणाऱ्याला ते फार लागतं.

पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसा. उभ्याने बोलणारा निघायच्या बेतात वाटतो. घरच्यांना तेवढा वेळ झोपू द्या. स्वतःहून हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. तेव्हा माकडहाड, टाचा, कमरेची बाजू नीट पाहा. लाली बोटाने दाबून सोडल्यावरही फिकी पडत नसेल, तर ती सतत पडून राहिल्याने, दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. चोळू नका, तिथला भार काढा आणि नर्सला कळवा. रुग्णाला ओढूही नका, कातडी सोलते. खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवा.

श्रद्धेचा विषय त्याने काढला तरच बोला. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य तर टाळाच, वेदनेत ते शिक्षेसारखं ऐकू येतं. इंग्लंडमधल्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, तेही ख्रिस्ती श्रद्धेतून. पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं.

तुमची प्रार्थना निघण्याआधी, घरी. आणि जाणं चुकणार असेल तर आदल्या दिवशीच फोन करा.