मॅक्युलाचा लेझर वेगळा
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर धूसर दिसू लागलं की लेझर मारतात, तसाच मॅक्युलाची (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग) वयोमानाने झीज झाली की तिथेही मारून घ्यावा, असं एकांनी सुचवलंय. अहो, तो लेझर बसवलेल्या भिंगामागची धुरकटलेली पिशवी उघडतो, पडद्याला हातही लावत नाही.

मॅक्युलाचा जुना लेझर गळक्या रक्तवाहिन्या जाळायचा, पण त्यासोबत वरचा पडदाही जळायचा आणि तेवढ्या जागी कायमचा आंधळा डाग राहायचा. वाहिनी नेमकी मॅक्युलाच्या मध्याखाली असली तर वाचायला बसल्यावर डाग अक्षरावरच! २००० च्या सुमारास व्हर्टेपॉर्फिन हे प्रकाशाने सक्रिय होणारं औषध शिरेतून देऊन मारायचा थंड लेझर आला. तो आजही निवडक रुग्णांना देतात. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शनचं औषध आल्यापासून मात्र ओल्या प्रकारात (ज्यात रक्तवाहिन्या गळतात) डोळ्यातली इंजेक्शनंच पहिला उपाय. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, हे खरंच कंटाळवाणं आहे.

कोरड्या प्रकारात (ज्यात गळती नसते) लेझरने पडद्याखालचे पिवळे ठिपके पुसट होतात, पण त्याने आजार थांबतो असं दिसलेलं नाही. त्यामुळे कोणी लेझर सुचवला तर आधी विचारा: प्रकार कोरडा की ओला, आणि गळती मध्यापासून किती दूर? घरी एकेक डोळा झाकून चौकटींचा तक्ता बघत राहा. रेघा अचानक वाकड्या दिसल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.