मदत हवी आहे : एप्टाझिया (तणासारखा पसरणारा छोटा समुद्री जीव) घालवायला टँकमधला खडक उकळला, आई आणि मी दोघंही आजारी पडलो. आता पुढे काय करू?

नमस्कार मंडळी,

सगळ्यात आधी एक विनंती. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातला, म्हणजे टँकमधला खडक कुणीही घरात उकळू नका. माझ्या या एका चुकीपायी आईला दोन रात्री ऑक्सिजनवर राहावं लागलं. आता ती घरी आली आहे, जिना चढताना मात्र अजून धाप लागते. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण टँक तसाच चालू आहे आणि मला तातडीने सल्ला हवा आहे.

मी जुळे सोलापुरात राहतो. चार फुटी रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा) आहे, सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) धरून साधारण 300 लिटर पाणी, तिसरं वर्ष चालू. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते साठवायचं, आरओ-डीआय फिल्टरमधून शुद्ध करून काढायचं, पुण्याहून मागवलेलं मीठ कालवायचं, मे महिन्यात चिलरसाठी इन्व्हर्टर राखून ठेवायचा, असं करत करत हे टँक उभं केलं आहे. शेजारी बसवून दाखवेल असा अनुभवी माणूस गावात माझ्या ओळखीचा नाही, म्हणून जे शिकलो ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एकांनी टँक बंद केलं, त्यांचे खडक घेतले. त्यातल्या एकावर तपकिरी, बटणासारखे जाड पॉलिप (प्रवाळासारखे खडकाला चिकटून राहणारे जीव) होते. दिसायला छान वाटले म्हणून ठेवले. त्याच खडकाच्या भेगांमधून एप्टाझिया निघाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काचेसारखा अर्धपारदर्शक देठ, वर बारीक टोकदार झालर, आणि बोट जवळ नेलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत भोकात गडप. सुरुवातीला चार होते.

मी आधी ब्लेडने खरवडले. तीन आठवड्यांत चाराचे तीस झाले. मग इन्सुलिनच्या सिरिंजने लिंबाचा रस टोचला. काही मेले, काही आत ओढले जाऊन पुन्हा बाहेर आले. मग कुणीतरी चुना सांगितला, तर कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून खायचा चुना आणून पाण्यात कालवला आणि एका संध्याकाळी वीस-बावीस एप्टाझियांवर सोडला. पाणी ताकासारखं पांढरं झालं, पीएच 8.2 वरून 8.8 वर गेला, सकाळी दोन गोगलगायी उलट्या पडलेल्या आणि टॉर्च कोरल (एक प्रवाळ) मिटलेला.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ग्रुपवर एकाने लिहिलं, "तो खडक बाहेर काढ आणि दहा मिनिटं खळाखळा उकळ, मुळासकट जाईल." आपल्याकडे दुधाची बाटली असो, पिण्याचं पाणी असो, जंतू मारायचे म्हणजे उकळायचं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मला यात काही वावगं वाटलंच नाही.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आधीचा रविवार होता. बाबा आणि बहीण सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. थंडी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बंद. मी आईचं अंघोळीचं पाणी तापवायचं अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि खडक टाकून गॅसवर चढवलं. शेजारच्या शेगडीवर आई भाकऱ्या करत होती. पाण्याला उकळी आली तसे ते बटण-पॉलिप विरघळून वर करडा फेस जमला, आणि खारट, उग्र वाफ घरभर झाली. आई म्हणाली, "कसला वास सुटलाय रे हा?" तिला खोकल्याची ढास लागली तेव्हा मी गॅस बंद केला.

दुपारी दोघांच्याही तोंडाला नाणं चघळल्यासारखी कडवट चव. संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप 102, मांड्या आणि पाठ कुणी कुटल्यासारखी. आईला छातीत आवळल्यासारखं होऊन श्वास पुरेना. घरी आलेल्या बाबांना आणि बहिणीला काहीच नाही. रात्री दवाखान्यात डॉक्टरांना आधी व्हायरल वाटलं, कुणालाही तेच वाटलं असतं. मी रिक्षात मोबाइलवर वाचत गेलो होतो, तेव्हा 'पॅलिटॉक्सिन' (अशा पॉलिपमधलं विष) हा शब्द त्यांना कागदावर लिहून दिला. त्यांनी तो शोधून वाचला, दोघांचाही ईसीजी काढला, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासलं, तर ते वाढलेलं निघालं. यावर उतारा असं औषध नाही म्हणाले. ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाइन आणि लक्ष ठेवणं. तेवढ्यावर आम्ही सावरलो.

आता माझे प्रश्न. ते पातेलं आणि स्वयंपाकघर कसं साफ करू? उकळलेला खडक मी झाकणाच्या बादलीत घालून गच्चीवर ठेवला आहे, त्याचं काय करायचं? त्याच जातीचे आठ-दहा पॉलिप टँकमध्ये दुसऱ्या खडकावर आहेत, ते काढू की राहू देऊ? आणि एप्टाझिया आता शंभराच्या वर आहेत, तर घरगुती प्रयोग सोडून काय करता येईल? आई म्हणते टँक विकून टाक. मला ते जिवावर येतंय, पण घरात धोका असेल तर तेही करेन.

रेणू :
आधी आईंना सांभाळा, आठ दिवसांनी सीपीके पुन्हा तपासून घ्या. मी औषधशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते. तुमचे ते जाड तपकिरी पॉलिप बहुधा पॅलिथोआ या प्रकारचे. पॅलिटॉक्सिन याच कुळातून 1971 मध्ये वेगळं केलं गेलं, हवाईच्या माऊई बेटावरच्या हाना भागातल्या पॉलिपमधून. तिथले लोक पूर्वी भाल्यांच्या टोकांना ते फासत असत. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं दार करून टाकतं. म्हणून स्नायू दुखतात, हृदयाचे ठोके बिघडतात. उकळण्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेच्या थेंबांबरोबर फुप्फुसात जातं. अमेरिकेत अलास्कामध्ये 2012 ते 2014 या काळात दुकानात आणि घरांत असेच लोक आजारी पडल्याची सरकारी नोंद आहे. डोळ्यात उडालं तर बुबुळाला इजा होते. डॉक्टरांना खडकाचं सांगितलंत हे फार बरं केलंत.

स्वयंपाकघर : खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून, पातळ केलेल्या ब्लीचने ओटा, टाइल्स, एक्झॉस्टची पाती पुसा आणि फडकी टाकून द्या. त्या दिवशी उघडं असलेलं पीठ, मीठ सगळं टाका. आणि कृपा करून ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं अॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

भरती_ओहोटी :
दादा, सोळा वर्षं रीफ टँक ठेवतोय. तुमची चूक अनेकांनी केली आहे, स्वतःला फार दोष देऊ नका.

पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. ब्लीचने अॅल्युमिनियम खराब होतं आणि खात्रीही राहत नाही. खडक मात्र त्याच बादलीत ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवा, नंतर पिशवीत बांधून टाका. मोह धरू नका. टँकमधले पॉलिप पाण्याखालीच असताना, खडकासकट, अख्खे झाकणाच्या बादलीत घ्या आणि तसंच करा. खरवडायचे नाहीत, ब्रश नाही, गरम पाणी नाही. हाताला चिरा असतील तर त्या दिवशी काम करू नका. रंगावरून कुठला विषारी आणि कुठला नाही हे सांगता येत नाही, तेव्हा सगळेच विषारी समजा. नंतर फिल्टरमध्ये पाणी शुद्ध करणारा नवा कार्बन लावा आणि 20 टक्के पाणी बदला.

आता एप्टाझिया. ब्लेडने वाढले कारण देठाच्या बुडाचा कण जरी राहिला तरी त्याचा नवा एप्टाझिया होतो. चुन्याचा उपाय मुळात खोटा नाही, परदेशात लोक कॅल्शियम हायड्रॉक्साइडची (म्हणजे चुन्याचीच) पेस्ट वापरतात. पण एका वेळी तीन-चार, पंप बंद करून, थेंब थेंब, आणि शुद्ध पावडर. तुम्ही एका संध्याकाळी वीस केलेत, तिथे घात झाला.

शंभरांसाठी पेपरमिंट श्रिंप (एप्टाझिया खाणारी कोळंबी) घ्या. घेताना नीट बघा, कॅमल श्रिंप त्याच नावाने विकतात. त्याच्या पाठीवर कुबड असतं, अंगावर पांढऱ्या रेघा असतात आणि तो तुमचे पॉलिपच कुरतडतो. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टाझियाच खाते, मिळाली तर सोनं, पण श्रिंपबरोबर नाही, श्रिंप तिला खातात. कॉपरबँड बटरफ्लाय सुचवतील, पण तो मासा पुष्कळदा उपाशी मरतो, नवख्याने घेऊ नये.

आणि एक विचारतो, राग मानू नका : ते पुण्याचे खडक मूळचे कुठले? 2001 पासून आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली आहेत. पुढच्या वेळी ड्राय रॉक (जिवंत काही नसलेला कोरडा खडक) घ्या. त्यावर एप्टाझियाही येत नाही.

पूर्वभागकर :
मीबी सोलापूरचाच, अशोक चौकाजवळ. घरी झुरळांसाठी औषध मारलं तेव्हा टँकचा एअर पंप चालू राहिला. पंपाने ती हवा थेट पाण्यात ओढली, दुसऱ्या दिवशी सगळे श्रिंप मेले. मासे वाचले. श्रिंप आणणार असाल तर घरात असलं काही फवारू नका, ही नोंद करून ठेवा. आणि हाक मारा, मी येऊन बघतो.

धागाकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. रेणूताईंनी सांगितलं तसं स्वयंपाकघर दोनदा पुसलं, पिठाचा डबा रिकामा केला. आईचं सीपीके परवा तपासलं, नॉर्मल आलं. भरती दादा, खडक मूळचे कुठले हे त्या माणसाला विचारलं, त्याला सांगता आलं नाही. पुढे ड्राय रॉकच घेणार. पॉलिपचा दुसरा खडकही तुम्ही सांगितलं तसा बादलीत उतरवून ब्लीचमध्ये टाकला. पूर्वभागकरांनी स्वतः येऊन बादली धरली. पातेल्याला खिळ्याने चार भोकं पाडून मगच टाकलं, कुणी उचलून नेऊन त्यात पाणी तापवू नये म्हणून.

सहा पेपरमिंट सांगितले आहेत, कुबड बघूनच घेईन. आईला टँकजवळ बसवून पॉलिप काढलेली रिकामी जागा दाखवली. ती म्हणाली, मासे राहू देत, पण टँकमधलं काहीही स्वयंपाकघरात आणायचं नाही. कबूल केलं आहे. श्रिंप आले की पहिल्या पंधरा दिवसांत त्यांना वेगळं खाणं द्यायचं की एप्टाझियावरच ठेवायचं, एवढं कुणी सांगाल का?

भरती_ओहोटी :
पहिले आठ दिवस अगदी कमी, नाहीतर माशांच्या खाण्यावरच जगतील आणि एप्टाझियाकडे बघणार नाहीत. ते रात्री काम करतात, टॉर्च लावून पाहू नका सारखं.