उजनीच्या काठी वर बघून चालावं

विषय: उजनीत कॅटमरान, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार,

धाकट्या भावाने मुंबईकडून जुनी होबी १६, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची कॅटमरान, घेतली आहे. सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी ती अंगणात ट्रेलरवर उभी आहे, आणि आई तिच्यावर कपडे वाळत घालते. मार्चमध्ये मी तीन आठवडे सोलापूरला जातेय. मोहोळ, टेंभुर्णी करत भीमानगरच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यात बोट सोडायचा बेत आहे. इथे मिशिगनात मी क्रू म्हणून बसलेय खरी, पण ट्रेलर ओढणं, बोट उतरवणं ही कामं नेहमी दुसऱ्यांनीच केली. भाऊ म्हणतो, "त्यात काय, उसाची ट्रॉलीच ती."

काका, तुम्ही सध्या सोलापुरातच आहात ना? जरा बघून याल का?

— जुळे सोलापूरची सून नव्हे, सात रस्त्याची लेक

*

विषय: उत्तर: उजनीत कॅटमरान

अगं, काल संध्याकाळीच जाऊन आलो. आईने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे ठेवलं, त्यामुळे बोटीपर्यंत पोहोचायला अंधार पडला. टॉर्च लावून बघितलं.

रंगाकडे बघू नका. मडकं घेताना वाजवून घेतो तसं मी बोटाच्या पेराने दोन्ही हल, म्हणजे बोटीचे लांबट पोकळ सांगाडे, टोकापासून टोकापर्यंत वाजवले. डावा टणटणीत. उजव्यावर मात्र पुढच्या आडव्या बारच्या अलीकडे वीतभर जागेत आवाज बद्द येतो आणि अंगठा दाबला की आत जातो. तिथे फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. बारीक भोकं पाडून, आतलं पाणी पूर्ण सुकवून, इपॉक्सी भरावं लागेल. त्याआधी पाण्यात नको. लाटेवर आपटून ती वीत बघता बघता हातभर होते.

उजव्या हलचं मागचं, पाणी काढायच्या भोकाचं बूचही गायब आहे. बूच न लावता बोट ढकलणारी माणसं जगात बरीच आहेत. मी त्यातलाच एक.

मास्ट म्हणजे डोलकाठी, तिला बाजूंनी धरणाऱ्या तारांवरून सुती फडकं फिरवलं तर एका ठिकाणी अडकलं. म्हणजे तारेतला एक पेड तुटलाय. एक पेड तुटला तरी अख्खी तार बदलायची, आणि दुसऱ्या बाजूचीही. दोघी एकाच वयाच्या, समुद्राचं मीठ दोघींनीही खाल्लंय.

ट्रेलर ट्रॉलीसारखा नाही हे भावाला नीट सांग. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. मागे वजन गेलं की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. बोटीची रुंदी २.४१ मीटर, आपल्याकडची मर्यादा २.६, तेव्हा तिकडून अडचण नाही. पण बोट पाच मीटर आणि मास्ट आठ मीटरची, म्हणजे ती बाहेर येणारच. टोकाला लाल फडकं बांधा. पट्टे आवळताना हल पिचकतील इतके आवळू नका, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर नाही तरी मोहोळच्या चहाला उतराल तेव्हा हात लावून बघा. मास्टखाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घाला. जुनीच घ्या, नाहीतर आई मला विचारेल.

पण मी लिहायला बसलो ते तारांसाठी. विजेच्या.

रविवारी भीमानगरच्या वरचा काठ पायी फिरलो. पाणी उतरतं तसे शेतकरी मोटारी पाण्यामागे सरकवतात आणि त्यांच्यामागे केबली जातात. कुठे बांबूवर, कुठे बाभळीच्या फांदीवर, एका ठिकाणी तर माझ्या टोपीला लागेल इतकी खाली. मास्ट अॅल्युमिनियमची, उभी केली की अंगणातल्या नारळाएवढी. बोट चाकांवर ढकलत नेताना सगळ्यांचं लक्ष चिखलात रुतणाऱ्या पायांकडे असतं, वर कोणीच बघत नाही. तिकडे अमेरिकेत अशाच अपघातांत माणसं गेल्यावर होबी कंपनीने मास्टचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं केलं. कॉम्पटिप म्हणतात त्याला. तुमच्या मास्टला ते नाही. असतं तरी खालची मास्ट आणि तारा धातूच्याच.

सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्याला, उंच नंदीध्वज निघाला की लहान पोरंही माना वर करतात. काठावर तशीच सवय हवी. मास्ट आडवी असतानाच बोट नेण्याची सगळी वाट एकदा वर बघत चाला. आजूबाजूला दोन मास्टभर अंतरात तार नसेल तिथेच ती उभी करा. एका माणसाने ढकलायचं नाही, फक्त वर बघायचं. परतताना तीच दक्षता, कारण तेव्हा सगळे दमलेले असतात.

शीड जमिनीवर चढवू नका. गुडघाभर पाण्यात, नाक वाऱ्याकडे धरून चढवा.

— काका

*

विषय: उत्तर: उत्तर: उजनीत कॅटमरान

काका, ट्रेलरच्या चाकांचं बेअरिंग राहिलं. शंभर किलोमीटर धावलेला तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, लगेच गार पाण्यात बुडवला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीस दुधासारखं होतं. उजनीत ट्रेलर पाण्यात घालूच नये, चिखलातून निघणारही नाही. छोट्या चाकांवर बोट न्यावी. थांबाल तिथे हबला हात लावा, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. मी हे टाळलं होतं. माझं चाक मला ओव्हरटेक करून गेलं.

— ह्यूस्टनचा दादा

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उजनीत कॅटमरान

काका, दादा, खूप आभार. तारांचं वाचून आईने बोट बघणंच सोडलंय. आता भाऊ म्हणतो, लाइफ जॅकेट कशाला, तो पट्टीचा पोहणारा आहे.

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उजनीत कॅटमरान

त्याला २१ मे २०२४ ची आठवण करून दे. कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली. सहा जण गेले, पोहून काठाला एकच लागला. ते पाणी हेच. वळिवाचा वारा दुपारनंतर सांगून येत नाही, म्हणून सकाळी जा आणि अकराच्या आत बाहेर या.

तुमची बोट उलटणारच, ती त्यासाठीच असते. उलटली की तिला सोडून काठाकडे पोहायचं नाही. नाक वाऱ्याकडे वळवा, दोर धरून दोघं खालच्या हलवर उभे राहा आणि मागे झुका. शिडाखाली वारा शिरला की ती स्वतःच उठते. कोळ्यांच्या जाळ्यांपासून मात्र लांब, सुकाणू त्यात अडकलं की जाळंही फाटतं आणि शिव्याही बसतात.

बूच मी सोलापुरात तीन दुकानांत विचारलं. एकाने बाटलीचं दाखवलं. तूच येताना दोन जोड घेऊन ये, भोकाचं माप उद्या मोजून पाठवतो.

— काका