मदत हवी आहे: अ‍ॅलर्जीची गोळी, स्प्रे, ड्रॉप्स... कुठलं कशासाठी?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या बाजूला. मेट्रोचं काम, बिल्डिंगांची कामं, सगळी धूळ थेट घरात. नवऱ्याला उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा, नाक एकतर गळतंय नाहीतर ठार बंद, डोळे चोळून चोळून लाल. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस, म्हणजे नाकाची अ‍ॅलर्जी.

तर औषधांच्या डब्यात आता एवढ्या स्ट्रिप्स झाल्यात की काही कळेनासं झालंय. लिव्होसेटिरिझिन ५, फेक्सोफेनाडिन १२०, लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेली एक, शिवाय केमिस्टने दिलेली सर्दीची गोळी, तिच्या मागे बारीक अक्षरात क्लोरफेनिरामाइन, फेनिलएफ्रिन, पॅरासिटामॉल. फ्लुटिकासोनचा स्प्रे पण आहे, तो साहेबांनी दोन दिवस मारला, "काही फरक नाही" म्हणून ठेवून दिला आणि आता नाक मोकळं करायचे ऑक्सिमेटाझोलिनचे ड्रॉप्स कायम खिशात. बीपीची गोळी चालू आहे आणि रोज बाईकने ऐरोलीला जातात म्हणून झोपेचं टेन्शन. यातलं रोज काय घ्यायचं, कधीतरी काय, आणि एकत्र काय चालत नाही?

प्रतिसाद १:
ताई, मी फार्मसीत आहे पण डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, क्लोरफेनिरामाइन तिन्ही अँटीहिस्टामाइन, म्हणजे शिंका, खाज, गळणारं नाक यावर. सांगितल्याशिवाय दोन एकावेळी घ्यायची नाहीत, आणि ती एकत्रवाली गोळी घेतली तर लिव्होसेटिरिझिन त्यात आलंच! क्लोरफेनिरामाइन जुन्या पिढीतलं, चांगलीच झोप आणतं, बाईकवाल्याला नकोच. लिव्होसेटिरिझिननेही काहींना पेंग येते, फेक्सोफेनाडिनने सहसा नाही, फक्त ती पाण्याबरोबर घ्या, मोसंबी-सफरचंदाच्या ज्यूसबरोबर नको, नीट शोषली जात नाही. फेनिलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, ती सर्दीची गोळी बाजूलाच ठेवा.

आणि ते ड्रॉप्स! तीन ते पाच दिवसांच्या वर नाही हो, नंतर त्यांच्यामुळेच नाक जास्त चोंदतं, मग माणूस आणखी टाकतो. बंद नाकावर खरं औषध तो स्प्रेच. स्टिरॉइड आहे म्हणून लोक उगाच घाबरतात, तो मुख्यतः नाकातच काम करतो, पण पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे रोज मारावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने, मधल्या पडद्यावर नाही. आणि जोरात ओढायचं नाही, सगळं घशात जातं.

प्रतिसाद २:
मॉन्टेलुकास्ट, म्हणजे त्या एकत्रवाल्या गोळीतलं दुसरं औषध, घेत असतील तर मूडवर लक्ष ठेवा. माझ्या भाच्याला त्यावर रात्री भयानक स्वप्नं पडायची, चिडचिड वेगळीच. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ते बंद केलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये यावर ठळक इशारा छापायला लावलाय. सगळ्यांना होतं असं नाही, पण इकडे सांगतं कोण?

धागाकर्ती:
बापरे, झोप नीट नाही म्हणत होते खरं, मी बीपीवर ढकलत होते. उद्याच डॉक्टरांना फोन करते. स्प्रे सापडला, एक्स्पायरी आहे अजून. ड्रॉप्स मात्र सोडायला तयार नाहीत, "मग रात्री झोपू कसा" म्हणे. कोणी सोडलेत का, आणि कसे? आणि मानपाडा-माजिवड्याकडे चांगला ईएनटी कोणी सुचवा, स्टेशनच्या बाजूला नको, पार्किंगची बोंब आहे.