अनुभव धागा: ऑनलाइन फसवणूक आणि त्यानंतरचं घर

फसलेला माणूस बहुधा गप्प बसतो. "एवढे शिकलेले, तरी फसलात?" हे ऐकावं लागेल या धास्तीने पोलीस सोडाच, घरातही सांगत नाही. चोरांचं त्यावरच फावतं. म्हणून हा धागा. नाव-गाव नको. काय घडलं आणि नंतर घरात, शेजारात काय बदललं, ते लिहा.

पुण्याहून, सून
सासूबाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. "तुमच्या आधारवरच्या सिमवरून काळा पैसा फिरलाय" असा फोन आला, मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेला, कॅमेरा सतत चालू. आंघोळीला जायचं तरी "साहेब, जाऊ का?" विचारायचं. आम्ही घरी आलो की त्या खोलीचं दार लावून घेत. आम्हाला वाटलं, बरं नसेल. शेवटी एफडी मोडायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीला त्यांच्या पिशवीत चालू असलेला कॉल दिसला. ती काही बोलली नाही, स्लिपच्या मागे लिहिलं, "आजी, कुणी धमकावतंय का?" सासूबाई तिथेच रडू लागल्या. बचत खात्यातले आधीच गेले होते, एफडी वाचली.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे असं व्हिडिओ कॉलवर अटकेत ठेवणं, असं काही आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं आणि सासूबाईंनी ते ऐकलंही होतं. पण जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या बाईचे वर्दी पाहून हातपाय गळतात. त्यांना कुणी मूर्ख म्हटलं की मला फार राग येतो.

बँक कर्मचारी
पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. बघता बघता चार-पाच खात्यांत फुटतो, मग एटीएममधून किंवा क्रिप्टोतून बाहेर. म्हणून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, नातेवाइकांशी चर्चा नंतर. तिथे तक्रार नोंदली की पुढच्या बँकांना कळवून उरलेला पैसा रोखता येतो. बँकेलाही लगेच कळवा. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तसं ठरवून दिलं.

लातूर, विद्यार्थी
पैसा फिरतो ती खाती आमच्यासारख्या पोरांची असतात. हॉस्टेलवरच्या एकाने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम "भाड्याने" दिलं होतं. मेसचे पैसे सुटतील एवढाच हिशोब. परराज्यातले पोलीस आले तेव्हा त्याच्या वडिलांना ऊसतोडीवरून यावं लागलं.

ठाणे
आमच्या भाजीवालीचं खातं गोठलं. कुणा गिऱ्हाइकाने क्यूआरवर दिलेले पैसे फसवणुकीतले निघाले. तक्रार कुठल्या राज्यातली, तेही तिला ठाऊक नाही. खात्यात पैसे दिसतात, पण पोराची फी भरता येईना. आता क्यूआरचा पुठ्ठा उलटा ठेवते, "सुटे द्या" म्हणते. गुन्हेगाराला पकडताना हिचं पोट का मारायचं?

सांगली
लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली. वहिनींनी उघडली, आणि तीच पत्रिका त्यांच्या नंबरवरून सगळ्या भावकीत गेली.

नाशिक
चुलतभावाने लोन अ‍ॅप घेतलं, कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली. कर्ज फेडूनही अ‍ॅपवाल्यांनी त्याचे फोटो नग्न देहांवर चिकटवून मामांना, मास्तरांना, होणाऱ्या सासऱ्यांना पाठवले. सासरे भले निघाले. स्वतः त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि तक्रार लिहून होईपर्यंत बाकावर बसून राहिले.

कोल्हापूर
पुण्याच्या ताई, रोखलेले पैसे परत मिळाले का?

पुण्याहून, सून
काही मिळाले. किती रक्कम कुठल्या बँकेत रोखलीय ते पोलिसांकडून लेखी घेतलं, मग न्यायालयात अर्ज केला. बाकी खाती तोवर रिकामी झाली होती. १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा, आमच्याकडे प्रत्येक टेबलावर तोच मागितला.