गसेट प्लेट: नेट वजन की पूर्ण चौकोन?
पोलादी बांधकामात सेक्शनचं (अँगल, चॅनेल, बीम यांचं) वजन काढून जोडांसाठी सरसकट ५ टक्के जादा धरावेत, असं काही जण म्हणतात. ते कोटेशनपुरतं ठीक, बिलाला नाही. काम चाकणच्या शेडचं असो की सरकारी, गसेट (जोडावर सेक्शन एकमेकांना धरून ठेवणारी पोलादी प्लेट) कशी मोजायची ते टेंडरमध्ये आधी वाचा. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) पद्धतीत तिरक्या कापाची वजावट नसते, गसेट ज्यात बसते तो पूर्ण चौकोन धरतात. ३०० × २०० × १० मिमीची काटकोन त्रिकोणी प्लेट घ्या. दर मिमी जाडीला ७.८५ किलो प्रति चौमी या हिशोबाने नेट (कापलेल्या प्लेटचं प्रत्यक्ष) वजन २.३६ किलो, चौकोनाने ४.७१. थेट दुप्पट!

कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधून काढलेली यादी नेट आकड्यांची असेल, तर ती मोजमाप वहीशी जुळणार नाही आणि वाद उगाच वजनकाट्यावर जाईल. दोन्ही आकड्यांना पहिल्यापासून वेगळे रकाने ठेवाच.